वाऱ्याने आपटलेलं दार

शमाल, म्हणजे आखातातला वाळूचा वारा, सुटला की मी हातात लाकडी पाचरी घेऊन घरभर फिरते. दोह्याजवळच्या मुऐदरमधल्या आमच्या या व्हिलाला दारं भरपूर, आणि त्यातलं एकही चौकटीत धड बसत नाही. एकेका दाराखाली पाचर सरकवायची, टाचेने ठोकायची, दार हलवून बघायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. नवरा म्हणतो, निघाली ही वाऱ्याशी भांडायला. मुलगा सोफ्यावरून मान वर न करता सांगतो, "ममा, इट्स जस्ट विंड." त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की जीभ इंग्रजीकडे वळते. जस्ट विंड म्हणे. मी पुढची पाचर जरा जास्तच जोरात ठोकते.

जूनच्या सुरुवातीला एखाद्या सकाळी खिडकीच्या फटीतून शीळ ऐकू येते आणि दुपारपर्यंत समोरच्या मशिदीचा मिनार दिसेनासा होतो. आकाशाला जुन्या बँडेजवर वाळलेल्या डागाचा रंग येतो. जन्मभर नर्सिंग केल्यामुळे मला दुसरी उपमा सुचत नाही. वाळू दातांखाली कचकचते, कपाटातल्या घडीच्या साड्यांत शिरते, झाकण लावलेल्या दह्यातही सापडते. उघड्यावरच्या गाड्यांचा रंग खरवडून निघतो. दुकानांच्या पाट्या सुटतात आणि रस्त्यावरून घसटत जातात, त्यांचा तो पत्र्याचा आवाज रात्रभर डोक्यात राहतो. उन्हाळ्यात वारा आला की माणसाला बरं वाटायला हवं. हा वारा मारायलाच आलेला असतो.

शमालच्या दिवसांत इमर्जन्सीत काय काय येतं ते मी बघत आले आहे. उडालेल्या पत्र्याने उघडा पडलेला खांदा. परांचीवरून खाली आलेली माणसं. रस्ता दिसेना म्हणून उंटावर आदळलेली गाडी आणि तिच्यातलं अख्खं कुटुंब. रक्तात वाळू मिसळली की जखम धुताना ती बोटांना खरखरीत लागते. तो स्पर्श हाताच्या ओळखीचा झाला की पुन्हा कधी अनोळखी होत नाही. पण पाचरींचं कारण यातलं कुठलंच नाही. कारण आहे फिलू, आणि नव्वदचं दशक सरत असतानाचा एक शमाल.

फिलोमिना आणि मी वसईतल्या निर्मळच्या, एकाच आळीतल्या. शाळेत एका बाकावर बसलो, एकीच्या डब्यातलं दुसरीने खाल्लं. मी नर्स होऊन दोह्याला आले, ती लग्न होऊन दुखानला. दुखान म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची तेल कंपनीची वसाहत. एकासारखी एक घरं, एक क्लब, एक दुकान, आणि चारी बाजूंना सपाट वाळवंट. गाडी नसेल तर तिथून कुठे जाता येत नाही. गाडी होती व्हिन्सीची, म्हणजे फिलूच्या नवऱ्याची. शुक्रवारच्या सुट्टीला मिस्सेच्या प्रार्थनेसाठी तो तिला आणि छोट्या नॅन्सीला दोह्याला घेऊन यायचा, आणि आमची तेवढीच काय ती भेट.

त्या मोसमात दर शुक्रवारी फिलूच्या अंगावर काहीतरी नवीन असायचं. कधी भुवईवर पट्टी, कधी सुजलेलं मनगट, कधी फुटलेला ओठ. कोणी विचारलं की ती हसून एकच सांगायची, "शमाल ना. वाऱ्याने दार आपटलं." बायका म्हणायच्या, जप गं बाय, दुखानला वारा भारीच असतो. मग सुट्टीत गावाला कोण कधी जाणार यावर गप्पा वळायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दारं लागलेली माणसं मी रोज बघत होते. दार बोटं चेमटवतं, कपाळाला टेंगूळ आणतं, अंगठ्याचं नख उपटतं. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा दार कधी उमटवत नाही.

व्हिन्सी दिसायला राक्षस वगैरे नव्हता, हे सांगायला हवं. मिस्सेला त्याच्यासारखा आवाज कोणाचा लागायचा नाही. कोणाच्या घरी मयत झालं तर एअरपोर्टपर्यंतची सगळी धावपळ त्याने करावी. मुलांना खांद्यावर घ्यावं, म्हाताऱ्यांना गाडीत बसवावं. बाहेर सगळ्यांना वाटून झालेला हा गोडवा घरी पोचेपर्यंत संपायचा. फिलूने मला एकदाच सगळं सांगितलं, तेही कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून. तो रागात मारत नसे. तो आधी घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचा. घड्याळ काढताना दिसलं की नॅन्सी आपण होऊन बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घ्यायची. हे ऐकून माझ्या हातातला चिमटा मोडला.

मी जोकीम अंकलकडे गेले. ते आमच्यातले सगळ्यात जुने, एका ट्रेडिंग ऑफिसात हेडक्लार्क, आणि व्हिन्सीचं स्थळ निर्मळला त्यांनीच आणलेलं. माणूस पापभीरू, पण बोलघेवडा. वसईच्या किल्ल्याबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हावा. मी सांगत होते आणि ते चष्मा पुसत होते. शेवटी म्हणाले, नवराबायकोच्या मध्ये पडू नये, तू फिलूला सांग, जरा ॲडजस्ट कर, आज तापट आहे तो उद्या निवेल. मी उठले आणि निघाले. दार मीच आपटलं, वाऱ्याने नाही.

फिलूला गावी जायचं होतं. आई होती, भाऊ होता, दोघांनी ये म्हटलं होतं. अडचण एवढीच की पासपोर्ट व्हिन्सीच्या कपाटात आणि किल्ली व्हिन्सीच्या खिशात. तेव्हा लहान मुलाचं नाव आईच्याच पासपोर्टात घातलेलं असायचं, त्यामुळे त्या एका निळ्या पुस्तकात फिलू आणि नॅन्सी दोघी कोंडलेल्या होत्या. ते कपाटातून बाहेर यावं असं एकच निमित्त मला सुचलं. सहल.

अंकल गल्फ सोडून कायमचे गावी चालले होते आणि जायच्या आधी त्यांना बहरीनचा किल्ला बघायचा होता. पोर्तुगीजांनी बांधलेला, म्हणजे आमच्या वसईच्या किल्ल्याचा चुलतभाऊ. त्याच्या पायाखाली ग्रीक लोकांच्या काळचं शहर खणून काढलंय, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. सकाळच्या विमानाने जायचं, ग्रीकांचं शहर आणि किल्ला बघायचा, दुपारी मुहर्रक या जुन्या बेटावरच्या शहरात फिरायचं, संध्याकाळी परत. मुहर्रकचं नाव ऐकून मी कान टवकारले, कारण बहरीनचा विमानतळ त्याच बेटावर आहे. मीही येते म्हणाले. व्हिन्सीला म्हणाले, अंकलचा शेवटचा हट्ट आहे, तू नाही म्हणालास तर म्हातारा मनाला लावून घेईल. चारचौघांत त्याला नाही म्हणता येत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. फिलू आणि नॅन्सीचं बहरीन ते मुंबई तिकीट मी काढलं आणि पर्सच्या अस्तरात शिवून टाकलं. विमानतळावर काउंटरसमोर प्रत्येकाच्या हातात आपापला पासपोर्ट येईल, फिलू तो पुन्हा व्हिन्सीला न देता पर्समध्ये टाकेल, असा माझा हिशेब.

हिशेब दोह्याच्या विमानतळावरच चुकला. आमच्या लोकांची एक रीत आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली की मला आठवलीही नाही. चार माणसं मिळून प्रवासाला निघाली की सगळे पासपोर्ट वडीलधाऱ्या पुरुषाच्या हातात जातात. तो त्यांना रबर लावतो, पाऊचमध्ये घालतो, पाऊच गळ्यात अडकवतो आणि दिवसभर त्यावर हात ठेवून चालतो. काउंटरवर तोच गठ्ठा पुढे करतो आणि शिक्के बसले की तोच परत घेतो. अंकलनी नुसता हात पुढे केला, म्हणाले, "यल्ला, चला, द्या इकडे." व्हिन्सी क्षणभर थांबला. बायकोच्या हाती जो पासपोर्ट त्याने कधी दिला नसता तो त्याने अंकलना दिला, आणि मान झुकवून दिला. नाही म्हणणं म्हणजे अंकलचा अपमान. फिलूने माझ्याकडे पाहिलं. तिची सुटका आता ॲडजस्ट कर म्हणणाऱ्या माणसाच्या गळ्यात लोंबत होती.

विमान वर जातं न जातं तोच उतरायला लागतं. खाली समुद्र खवळलेला, हिरवा आणि पांढरा. उतरताना विमान असं हलत होतं की नॅन्सीने एका हाताने बाहुली कवटाळली आणि दुसऱ्याने माझा हात नखं रुतेपर्यंत धरला.

किल्ल्यापाशी वारा समुद्रावरून थेट अंगावर येत होता. भोवती खजुराच्या बागा होत्या आणि झाडं अशी वाकत होती की मोडतील असं वाटावं. आता तिथे म्युझियम झालंय, बोर्ड आहेत, कॅफे आहे असं कळतं. तेव्हा फारसं काही नव्हतं. प्रचंड मातीची टेकडी, तिच्यावर किल्ला, आणि टेकडीचं पोट फाडून काढलेले खड्डे. खड्ड्यांत भिंती, भिंतींच्या खाली आणखी जुन्या भिंती. एका शहराला गाडून त्याच्या छातीवर दुसरं उभं राहिलेलं. अंकल खुशीत होते. ग्रीक जहाजातून इथे आले, त्यांनी या बेटाला तिलोस नाव दिलं, इथला मोती त्यांच्या देशात गेला, असं ते वाऱ्यावर ओरडून सांगत होते. मग त्यांनी सापांची गोष्ट काढली. ग्रीकांच्याही आधी इथे राहणारे लोक मडक्यात साप ठेवून ते मडकं घराच्या जमिनीत पुरायचे. खणताना अशी पुष्कळ मडकी निघाली. घराला चांगलं लाभावं म्हणून, असं अंकल म्हणाले. मी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. वर स्वयंपाक चाललेला, मुलं खेळताहेत, पाहुणे येताहेत, आणि खाली साप. मला ते काही फार जुनं वाटलं नाही.

मला पडके अवशेष बघायची आवड नाही, हे इथे सांगून टाकते. लोक म्हणतात शांत वाटतं. मला तिथे मारामारी ऐकू येते. भिंत आपोआप पडत नाही, ती कोणीतरी पाडलेली असते. किल्ल्याच्या बुरुजाला जिथे जिथे डागडुजी केलेली होती तिथे मला टाके दिसत होते. वसईच्या किल्ल्यातही मला असंच होतं. तोफांनी फोडलेल्या भिंतीपाशी लोक लग्नाआधीचे फोटो काढतात आणि मला वाटतं, या जागेवर माणसं ओरडली असतील.

आम्ही ग्रीक काळच्या म्हणवल्या जाणाऱ्या एका गल्लीत उतरलो. गल्ली म्हणजे कमरेएवढ्या, कुठे डोक्याएवढ्या दगडी भिंती, वर आकाश. अंकलची टोपी उडाली. ती पकडायला ते या भिंतीवरून त्या भिंतीपर्यंत धावले, टोपी दर वेळी थोडी पुढे. अंकलना धावताना कोणी पाहिलं नव्हतं. फिलू हसली. त्या सगळ्या मोसमात मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं, पोट धरून, शाळेतल्यासारखी. हसता हसता तिच्या हातातला व्हिन्सीचा कॅमेरा निसटला आणि दगडावर पडला.

व्हिन्सीने घड्याळ काढलं आणि खिशात ठेवलं.

त्याने तिला दंडाला धरून मोठ्या भिंतीच्या आड नेलं. मी धावले, पण खालची माती पायाखालून सरकत होती. पहिली थप्पड मला ऐकू आली, वाऱ्यातूनही. दुसरी मी पाहिली. तिसऱ्या वेळी मूठ होती आणि फिलूचं डोकं मागच्या दगडावर आपटलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने अंकल टोपी घेऊन, नॅन्सीचा हात धरून त्याच आडोशाला आले. त्यांनी ती मूठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

व्हिन्सीचा हात खाली आला. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "काय वारा आहे अंकल." फिलूच्या नाकातून रक्त येत होतं आणि त्यावर वाळू चिकटत होती. फिलूने पदर नाकाला लावला, सवयीने हसली आणि म्हणाली, "काही नाही अंकल. वाऱ्याने दार आपटलं."

त्या गल्लीत एकही दार नव्हतं. चौकट नव्हती, छप्पर नव्हतं, बिजागरीचं लोखंडसुद्धा नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वी दारं जळली किंवा कुजली असतील आणि माती होऊन गेली असतील. फिलू त्या उघड्या आकाशाखाली उभी राहून दाराचं कारण सांगत होती, आणि आपण काय बोललो हे तिचं तिला कळलंही नव्हतं.

अंकलनी हात सोडला तशी नॅन्सी भिंतीपाशी जाऊन बसली होती. तिने बाहुलीच्या मनगटावरचं कागदी घड्याळ काढून नीट बाजूला ठेवलं आणि बाहुलीचं डोकं दगडावर आपटायला लागली. शांतपणे, एकेक करून. अंकल वाकले, काय करतेस म्हणाले. ती म्हणाली, "शी लाफ्ड. आय ॲम गिव्हिंग हर पनिशमेंट."

अंकल त्यानंतर किल्ल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मी फिलूचं नाक दाबून धरलं, पाण्याने धुतलं, डोक्याच्या मागचं टेंगूळ चाचपलं. व्हिन्सी कॅमेऱ्याची काच पुसत होता.

मुहर्रकमध्ये वारा गल्ल्यांतून वाट शोधत येतो. जुनं शहर, मातीच्या जाड भिंती, मोत्यांच्या व्यापाऱ्यांचे वाडे, त्यांच्यावर वारा खाली घरात उतरवायला बांधलेले उंच मनोरे. तिथल्या मोत्यांबद्दल मी नंतर वाचलं. नाकाला चिमटा लावून माणसं समुद्राच्या तळाशी जायची, कानाचे पडदे फाटून वर यायची, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत पुन्हा उतरवली जायची. दुकानाच्या काचेतला मोती बघताना यातलं काही दिसत नाही. मोती फार सुंदर दिसतो.

आम्ही बाजाराजवळच्या एका छोट्या हॉटेलात जेवायला बसलो. फिलूच्या घरचे फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोडसर गोळे, डब्यात होते, कोणी हात लावला नाही. विमानतळ तिथून जवळच, दर थोड्या वेळाने विमानाचा आवाज छपरावरून जाई. मला अंकलकडे पासपोर्ट मागायचा होता. पैसे बदलून घ्यायला लागतो, असं सांगायचं मी घोकलं होतं. पण व्हिन्सी समोर, पाऊच अंकलच्या छातीवर आणि अंकलची नजर ताटात. मुंबईचं विमान दुपारचं होतं. ते गेलं की पासपोर्ट पुन्हा कपाटात, आणि कॅमेऱ्याचा उरलेला हिशेब दुखानला, दार लावून. फिलू भाताची शितं बोटाने एका ओळीत लावत होती.

व्हिन्सी हात धुवायला मागे गेला. अंकलनी पाऊचची चेन उघडली, रबर काढलं, फिलूचा पासपोर्ट बाजूला केला आणि तो नॅन्सीच्या मांडीवर, बाहुलीच्या खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोनी, तिकीट आणलंयस ना?"

मी मान हलवली.

"वाटलंच मला. तू इतिहास बघायला येणाऱ्यातली नाहीस."

मग ते फिलूकडे वळले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "बाय, हे स्थळ मी आणलं. तुझ्या आयशीला मी शब्द दिलेला, सोन्यासारखा मुलगा आहे म्हणून. आता तू जा. मागे बघू नको."

व्हिन्सी परत आला तेव्हा अंकल उभे होते. बायकांना बाजारात कापड बघू दे, म्हणाले, तू माझ्याबरोबर चल, वरचा वाऱ्याचा मनोरा आतून बघायचाय. आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला घेऊन गेले. अंकल बोलायला लागले की माणूस सुटत नाही, हे मी वर सांगितलं आहे. त्या दुपारी मी त्या जिभेला शंभर पापं माफ केली. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता, पोर्तुगीज, तोफा, वसई.

मी बाजारातल्या एका दुकानाच्या मागे पर्सचं अस्तर दातांनी फाडलं. टॅक्सीत मी फिलूला अक्षरशः ढकललं. पोरीने खिडकीतून विचारलं, "इज पापा नॉट कमिंग?" फिलूने तिला जवळ ओढलं आणि मराठीत सांगितलं, नाही. टॅक्सी धुळीत दिसेनाशी झाली. मग मी खरंच दुकानात शिरले आणि मला नको असलेलं पुष्कळ कापड घेतलं, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. मी मनोऱ्यापाशी जाऊन अंकल आणि व्हिन्सीला सांगितलं की फिलू अजून निवडतेय, ठरत नाहीये तिचं. व्हिन्सी हसला, म्हणाला, लेडीज. वरून एक विमान गेलं, वाऱ्यात जरा कललं आणि सरळ झालं. अंकलनी बोलणं थांबवून वर पाहिलं आणि मग पुन्हा सुरू केलं.

फिलू आणि नॅन्सी पुढे गेल्यात असं सांगून मी व्हिन्सीला विमानतळाबाहेरपर्यंत आणलं, आणि शेवटी तिथे खरं सांगायची वेळ आलीच. वारा इतका होता की सामानाच्या ढकलगाड्या आपोआप धावत होत्या. व्हिन्सीने विचारलं, ती कुठे आहे. मी तोंड उघडणार तोच अंकल मध्ये आले. "घरी गेली," ते म्हणाले. "मीच आणली होती तिला इथे. मीच परत पाठवली."

या वेळी त्याने घड्याळ काढलं नाही. पहिला ठोसा चष्म्यावर बसला. दुसरा तोंडावर. अंकल गुडघ्यावर आले तरी त्याने लाथ घातली. अंकलनी हात वर केला नाही, फक्त पाऊचवर दाबून धरला, सवयीने. मी कापडाची जड पिशवी दोन्ही हातांनी फिरवून व्हिन्सीच्या कानावर मारली, मग पुन्हा मारली, आणि खरं सांगते, पोलीस धावत आले नसते तर थांबले नसते. मला बरं वाटत होतं. जखमा शिवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला एक जखम करताना इतकं बरं वाटावं याचं मला आजही नवल वाटतं, वाईट मात्र वाटत नाही.

पोलिसाने अंकलना अरबीत विचारलं, कोणी मारलं? अंकल रक्त थुंकले आणि म्हणाले, खलास, घरातलं भांडण आहे. परतीच्या विमानात आम्ही तिघं एका रांगेत होतो आणि दोन खुर्च्या रिकाम्या. एअरहोस्टेसने व्हिन्सीला ज्यूस दिला, त्याने थँक यू म्हटलं. फिलू तेव्हा समुद्रावर कुठेतरी होती.

ती निर्मळला पोचली. पहिले कित्येक महिने फोनवर कोणी मोठ्याने बोललं तरी गप्प व्हायची. मग एका शाळेत लागली, मग तिने घराला नवी दारं बसवली. जाड सागाची, तिने मला सांगितलं, आणि आतून कडी नाही लावत आम्ही. नॅन्सी आता माझ्याशी घडघडा मराठीत बोलते. अंकल गावी गेले, आणि निर्मळच्या स्मशानात त्यांचा क्रूस आहे. दर वर्षी शमाल येतो, मी पाचरी काढते, आणि यातलं सगळं आठवतं, पण शेवटी मन थांबतं ते त्या पुढच्या शुक्रवारावर.

मिस्सा संपून सगळे आवारात उभे होते. अंकलच्या ओठाला मी घातलेले टाके, डोळा जांभळा, चष्म्याला चिकटपट्टी. व्हिन्सी गाणाऱ्यांच्या घोळक्यात, इस्त्रीच्या शर्टात, हसत. त्याच बायका, ज्या दर शुक्रवारी फिलूला जप म्हणायच्या, त्या अंकलभोवती जमल्या. अगं बाई, हे काय झालं? आणि फिलू कुठे दिसत नाही?

अंकलनी चष्मा काढला आणि हळूहळू पुसला. मग मान वर करून, फिलूसारखंच हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शमाल ना. वाऱ्याने दार आपटलं."

कोणी जपा म्हणालं नाही. कोणी विषय बदलला नाही. एकेक करत सगळ्या माना व्हिन्सीकडे वळल्या, आणि वळलेल्याच राहिल्या.